टॉर्चवर ठेवलेला तळहात आणि कॉम्प्युटरमधले फोटॉन

लाईट गेले की टॉर्चवर तळहात ठेवायचा आणि लालभडक झालेली बोटं बघत बसायचं, हा खेळ आपण सगळ्यांनीच केलाय. पण बोटातली हाडं कधी दिसली का? उजेड आरपार येतोय, मग हाडाची धड सावली का पडत नाही?

कारण उजेड सरळ येतच नाही. दूध पांढरं दिसतं ते त्यातल्या स्निग्धांशाच्या बारीक थेंबांवर आदळून उजेड सगळीकडे विखुरतो म्हणून, आणि आपलं मांस या बाबतीत दुधासारखंच, पेशी, केंद्रकं, कोलॅजेनचे धागे, सगळ्यांवर फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण, धडकत जातो. साधारण 0.1 मिलिमीटरला एक धडक, आणि मिलिमीटरभर आत गेला की आपण कुठल्या दिशेने निघालो होतो हे तो जवळपास विसरलेला असतो. निळा-हिरवा उजेड हिमोग्लोबिन शोषून घेतं, म्हणून बोटं लाल.

आता शरीरात उजेड सोडला तर बाहेर लावलेल्या सेन्सरवर तो पडला हे कळतं, पण तो आत कुठे कुठे भटकून आला हे शरीरात डोकावून सांगता येत नाही. इथे सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली नक्कल, लागतं.

त्यामागची युक्ती पत्त्यांतून आली. 1946 मध्ये आजारपणात पेशन्स खेळताना स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाला वाटलं की डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढत बसण्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजलं तर? यातूनच मॉन्टे कार्लो पद्धत आली, आधी अणुबॉम्बच्या कामातल्या न्यूट्रॉनसाठी, मग 1983 मध्ये विल्सन आणि अ‍ॅडम यांनी ती शरीरातल्या प्रकाशासाठी वापरली. कॉम्प्युटर एक फोटॉन सोडतो, किती पुढे जायचं आणि कुठे वळायचं हे रँडम आकड्यांवर ठरवतो, प्रत्येक धडकेला थोडी ऊर्जा कापतो, असं लाखो-करोडो वेळा. वळण कसं घ्यायचं याचं सूत्र तर 1941 चं, तेही ताऱ्यांमधल्या धुळीसाठी हेन्ये आणि ग्रीनस्टाइन यांनी काढलेलं! अवकाशातल्या धुळीचं गणित आपल्या कातडीला लागू पडतं, हे मला अजूनही भारी वाटतं.

1995 मध्ये वांग, जॅक्स आणि सहकाऱ्यांनी थराथरांच्या त्वचेसारख्या ऊतींसाठी प्रसिद्ध केलेला एमसीएमएल हा प्रोग्रॅम आजही वापरतात, आता ग्राफिक्स कार्डवर हेच काम शेकडो पट लवकर होतं. यातूनच दिसतं की कपाळावर दिवा आणि 3 सेंटिमीटरवर सेन्सर ठेवला तर सेन्सरपर्यंत पोचलेल्या फोटॉनांची वाट केळ्यासारखी वाकडी असते आणि त्या केळ्याचं पोट मेंदूच्या वरच्या थराला जेमतेम शिवतं.

पण मॉडेलमध्ये त्वचा कुणाची घातली, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोऱ्या त्वचेच्या वरच्या थरात मेलॅनिनचे, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचे, कण साधारण 1 ते 6 टक्के जागा व्यापतात, गडद त्वचेत 18 ते 43 टक्के. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर 660 (लाल) आणि 940 (डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड) नॅनोमीटरचा उजेड वापरतो आणि मेलॅनिन त्यातला 660 चा जास्त खातं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मशीन ऑक्सिजन 92 ते 96 टक्के दाखवत असताना रक्तातलं खरं प्रमाण 88 टक्क्यांच्या खाली असल्याचं कृष्णवर्णीय पेशंटच्या 11.7 टक्के तपासण्यांत निघालं, गोऱ्यांच्या 3.6 टक्के. कोविडमध्ये आपण घरोघरी याच आकड्याकडे डोळे लावून बसलो होतो ना. सिम्युलेशनमध्ये मेलॅनिनचा आकडा बदलायला एक ओळ लागते, ती गव्हाळ आणि सावळ्या त्वचेसाठीही, मशीन बाजारात यायच्या आधी, बदलून बघायलाच हवी.