खड्डा ढासळण्याआधी नकाशात काय घडतं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात समाजमंदिराच्या कॉलमचे खड्डे खणणं चालू होतं. एप्रिलचा शेवट. आदल्या रात्री अवकाळीची एक सर येऊन गेली होती, सकाळी कडक ऊन पडलं आणि काम पुन्हा सुरू झालं. खड्डा सात फूट खोल. आत दोघं जण, एक सब्बल मारणारा, एक घमेलं भरून वर देणारा. साडेदहाला चहा आला म्हणून ते वर आले. कपात चहा ओतेपर्यंत मागे एक जड, बसका आवाज झाला. खड्ड्याची नाल्याकडची अख्खी बाजू आत कोसळली होती. घमेलं दिसतच नव्हतं. सब्बलीचं टोक तेवढं वर होतं.

कुणाला काही झालं नाही. "देवानंच वाचवलं बाप्पा," मिस्त्री म्हणाला. ठेकेदाराने मजुरांनाच सुनावलं, काठावर माती कशाला टाकत होते म्हणून. मी नकाशा हातात धरून उभी होते. त्यावरचा सात फुटांचा आकडा माझा होता. खड्ड्याच्या उभ्या कडा मी काढल्या होत्या. त्यांना तिरकस काप द्यायला जागाच उरली नव्हती, कारण शेजारच्या भिंतीला खेटून कॉलम मीच ठेवला होता. त्या दिवसापासून कोणताही अपघात ऐकला की मी मजुराचं काय चुकलं हे नंतर विचारते. आधी विचारते, नकाशा कसा होता?

पश्चिम विदर्भातली आपली काळी, भारी जमीन बेसॉल्ट खडक झिजून तयार झाली आहे. कापसाला ती सोन्यासारखी, पायाला मात्र फसवी. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण वहीच्या पानांसारखे थरांचे असतात आणि पाणी थेट त्या थरांमध्ये शिरतं. म्हणून पावसाळ्यात ही जमीन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. चैत्र-वैशाखात शेतात पडलेल्या भेगांमध्ये हात सहज जातो, हे कोणत्याही कास्तकाराला माहीत आहे.

आता या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा खणा. कडा दगडी भिंतीसारख्या उभ्या राहतात. कोरडेपणामुळे कणांमध्ये उरलेलं थोडंसं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं आणि माती टणक लागते. "लय कडक हाये, काही होत नाही," असं खोदणारा म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्या क्षणी ते खरंच असतं. पण काठापासून हात-दोन हात मागे, जमिनीवर, एखादी भेग खड्ड्याला समांतर गेलेली असते. वरून ती बोटभर दिसते, आत कंबरेइतकी खोल असू शकते. म्हणजे खड्डा आणि भेग यांच्या मध्ये मातीचा एक सुटा तुकडा खालच्या आधारावर नुसता उभा असतो. एक सर येते. भेगेत पाणी भरतं आणि ते तुकड्याला खड्ड्याकडे ढकलतं. एक मीटर खोल भेग काठोकाठ भरली तर तिच्या लांबीच्या दर मीटरला साधारण ५०० किलोचा रेटा तयार होतो. त्याच वेळी ओलाव्याने कणांची ती धरून ठेवणारी ओढही संपते. वर काठावर खणलेल्या मातीचा ढीग आणि शेजारून जाणारा रेतीचा ट्रॅक्टर. मग फक्त वेळेचा प्रश्न उरतो.

एक घनमीटर मातीचं वजन दीड ते पावणेदोन टन असतं, म्हणजे सिमेंटची ३० ते ३५ पोती एकदम अंगावर. डोकं वर राहिलं तरी माणूस वाचतोच असं नाही. छातीपर्यंत गाडला गेला तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर माती आणखी आत बसते आणि पुढचा श्वास घ्यायला छाती फुगत नाही. त्यात आजूबाजूचे लोक वाचवायला त्याच खड्ड्यात उड्या मारतात आणि उरलेली बाजू त्यांच्यावर येते. मातीत १.५ मीटरपेक्षा खोल चर खणायचा तर त्याच्या बाजूंना फळ्यांचा आणि वाशांचा आधार हवा, असं भारतीय मानक सांगतं. १.५ मीटर म्हणजे पाच फूट. गावाकडच्या कामावर असा आधार मी क्वचितच पाहिला आहे.

पण आधार दिला का, हा प्रश्न तसा उशिरा येतो. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की या खड्ड्यात माणूस उतरायलाच हवा होता का?

रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल नावाचा पाया विकसित केला. हाताने फिरवायच्या ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, जमिनीत वीतभर ते दोन वीत रुंदीचं उभं भोक पाडायचं, साधारण ३.५ मीटर खोल, कारण तिथपर्यंत खाली गेलं की मातीचं फुगणं-आकसणं बरंचसं थांबलेलं असतं. तळाशी खास अवजाराने भोक रुंद करायचं, सळयांचा सांगाडा सोडायचा आणि काँक्रीट भरायचं. जमिनीत कांदा उलटा रुतवावा तसा हा पाया मातीत घट्ट बसतो. तो शोधला गेला इमारतीला तडे जाऊ नयेत म्हणून. माझ्या दृष्टीने त्याचा दुसरा गुण तितकाच मोठा आहे. सगळं काम जमिनीवर उभं राहून होतं. खाली माणूस जात नाही, त्यामुळे कुणी गाडलं जाण्याचा प्रश्नच येत नाही.

हा पाया सगळीकडे चालेल असं नाही. चार-पाच फुटांवर पक्का मुरूम लागत असेल तर साधा फुटिंगचा, म्हणजे खड्डा खणून तळाशी रुंद काँक्रीट टाकायचा, पाया स्वस्त आणि योग्य. पण मुरूम किती खाली आहे, हे नकाशा काढण्याआधी कळायला हवं. एकाच गावात टेकाडाकडच्या वस्तीत तो गुडघाभर खाली असतो आणि नाल्याकाठी दोन पुरुष गेलं तरी लागत नाही. आधी चाचणीचा एक खड्डा, तोही तिरकस कडांचा, करून घ्यायला एक दिवस जातो. समाजमंदिराच्या वेळी तो दिवस मी वाचवला होता.

सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड मानतात. सगळ्यात वर धोका मुळातच काढून टाकणं. ते नाही जमलं तर कमी धोक्याची पद्धत घेणं. मग अडथळा किंवा आधार उभारणं, त्याखाली सूचना आणि शिस्त, आणि सगळ्यात तळाला हेल्मेट, बूट, पट्टा. आपण कामावर जातो आणि तळापासून सुरुवात करतो. हेल्मेट घातलं नाही म्हणून मजुराला रागावतो. हेल्मेट हवंच, पण सात फुटांच्या ढासळत्या खड्ड्यात ते काहीही करू शकत नाही. वरच्या दोन पायऱ्या तर मजुराच्या हातातच नसतात. त्या नकाशा काढणाऱ्याच्या हातात असतात, काम सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी.

अमेरिकेत मायकेल बेहम या संशोधकाने बांधकामावरच्या २२४ मृत्यूंचे तपास अहवाल वाचले आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडला, की त्यातल्या सुमारे ४२ टक्के घटनांचा धागा रचनेच्या निर्णयांपर्यंत जातो. ब्रिटनमध्ये १९९५ पासून नियमच आहेत, की रचनाकाराने बांधणाऱ्याच्या आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाचा विचार नकाशातच करायचा. २०१५ मध्ये ते सुधारून त्यासाठी जबाबदार मुख्य रचनाकार नेमणं, एकाहून अधिक ठेकेदार असलेल्या कामांवर, बंधनकारक झालं. आपल्याकडेही बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत वास्तुविशारद आणि अभियंत्यांची कर्तव्यं लिहिली गेली, की टाळता येण्याजोगा धोका रचनेत ठेवू नये आणि देखभालीचाही विचार करावा. माझ्या शिक्षणाच्या चार वर्षांत हे वाक्य मला कुणी वाचून दाखवलं नाही. शिवाय ज्या १९९६ च्या कायद्याखाली हे नियम आले, त्याने दहा लाखांपर्यंतचं स्वतःचं राहतं घर बांधणाऱ्याला आस्थापनेच्या व्याख्येतून बाहेर ठेवलं होतं. २५ चौरस मीटरचं घरकुल बांधणारं कुटुंब स्वतःच विटा वाहतं, तिथे तपासणीला कोण येणार? तिथे जे काही करायचं ते कागदावरच करायला हवं.

विजेच्या तारांचंच पाहा. ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या, लाइनपासून इमारत आडव्या अंतरात किमान १.२ मीटर दूर हवी आणि लाइन वरून जात असेल तर उभं अंतर ३.७ मीटर. हे अंतर बांधून झालेल्या इमारतीचं. बांधताना काय होतं? सळई ४० फुटांची येते. ती मधून वाकवली तरी २० फूट उरते. स्लॅबवर उभा असलेला पोरगा ती खालून ओढून घेतो आणि जागेवर गर्रकन फिरतो. त्याच्या हातातलं ते टोक किती लांब फिरतं, हे एकदा उभं राहून पाहावं. १.२ मीटर तिथे काहीच नाही. शिवाय उघड्या तारेला स्पर्श व्हायलाच हवा असंही नाही, पुरेसं जवळ गेलं तरी वीज हवेतून झेप घेते.

म्हणून मी आता जागेच्या नकाशात लाइन काढते, खांबासकट, अंतरासकट. जिना आणि सळया-रेतीची जागा तिच्या विरुद्ध बाजूला दाखवते. छज्जा लाइनकडे नेत नाही. आणि लाइन खूपच जवळ असेल तर ती हलवण्याचा अर्ज पाया खणण्याआधी महावितरणकडे जातो. पहिल्यांदा असा नकाशा पाहून मिस्त्री म्हणाला होता, "मॅडम, लाइन कोणी काढते का नकाशात?"

जिन्याचंही तसंच. आपल्याकडे घर आधी होतं आणि जिना पैसे उरले तर. तोवर स्लॅबवर जायला बांबूची शिडी. डोक्यावर ओल्या काँक्रीटचं घमेलं, एक हात घमेल्याला, एक शिडीला, पायात चप्पल आणि साडीचा घोळ सावरत रेजा दिवसभरात शेकडो वेळा वर-खाली करते. भिंतींबरोबरच जिना वर आला की तीच बाई पायऱ्यांवरून जाते. जिन्याचा खर्च पुढे होणारच असतो, फक्त क्रम बदलायचा. गच्चीच्या कठड्याचंही तेच, एक मीटर उंच आणि पाण्याची टाकी वर चढण्याआधी बांधलेला.

स्लॅबच्या दिवसाबद्दल थोडं. दहा बाय दहाच्या खोलीवरचा पाच इंची ओला स्लॅब सुमारे तीन टनांचा असतो आणि तो सगळा बल्ल्यांच्या, म्हणजे लाकडी टेकूंच्या, आधारावर उभा असतो. बल्ल्या उघड्या काळ्या मातीवर ठेवल्या आणि वरून क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट पक्कं होण्यासाठी मारलेलं, पाणी गळलं की तळ खचतो. आधी जोत्यात मुरूम भरून कोबा करून घ्या, मग सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबचा तात्पुरता साचा आणि टेकू. साधं पोर्टलंड सिमेंट असेल तर ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस हलवायचे नाहीत. आणि मे महिन्यात स्लॅब पहाटे घ्या. पारा ४० च्या वर गेला की काँक्रीटसाठीही मानकात वेगळी काळजी सांगितली आहे, कारण त्यातलं पाणी उडून भेगा पडतात. घमेलं वाहणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणीही तसंच उडत असतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हात दुपारी दोनला स्लॅब चालू असतो, कारण मृगाच्या आत घर झाकायचं असतं. कामाचं वेळापत्रक हाही रचनेचाच भाग आहे. दिवाळीनंतर लगेच पाया धरला तर ही घाई येतच नाही.

शेवटी संडासाबद्दल, कारण घर बांधून झाल्यावरही तिथला धोका संपत नाही. सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो जास्त प्रमाणात असेल तर नाकाला वास येणंच बंद होतं आणि उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याच्यामागे दुसरा उतरतो, मग तिसरा. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात हा प्रसंगच येत नाही. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला किमान एक-दीड वर्ष बंद ठेवायचा. तोवर आतल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. ते फावड्याने काढून शेतात टाकता येतं. फक्त काळ्या मातीत हा खड्डा जसाच्या तसा चालत नाही. माती पाणी शोषत नाही आणि फुगून विटांचं बांधकाम आत दाबते. त्यासाठी खड्ड्याच्या बाहेरून चारही अंगांनी फूटभर जाडीचं रेती-गिट्टीचं वेढण द्यावं लागतं. नकाशात ते दाखवलं आणि अंदाजपत्रकात त्याची गिट्टी धरली तर मिस्त्री ते करतो. नाहीतर त्या फूटभर जागेत खणलेली काळी मातीच परत लोटली जाते.