सेंटॉर: ओहोटीने घडवलेली बोट

इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावरच्या खाड्यांत ओहोटी लागली की चिखलात ताठ उभ्या राहिलेल्या छोट्या शिडाच्या बोटी दिसू लागतात. ना कलंडलेल्या, ना टेकू दिलेल्या. बुडाखालच्या दोन लोखंडी कीलवर, म्हणजे पाण्यात खाली उतरणाऱ्या जड पात्यांवर, आपापल्या उभ्या. त्यांत जुनी वेस्टर्ली सेंटॉर हमखास असते. २६ फुटांची ही बोट १९६९ मध्ये आली, १९८० पर्यंत बनत राहिली आणि तेवढ्यात सुमारे २,४०० सेंटॉर पाण्यात उतरल्या. वेगासाठी तिचं कौतुक फारसं कुणी केलं नाही. मग ती एवढी खपली कशी?

उत्तर ओहोटीत आहे, आणि थोडं खिशात. ब्रिस्टलच्या खाडीत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीतला फरक १२ मीटरच्या वर जातो. मुंबईत तो पाचेक मीटरचा, तरी आपल्या कोळीवाड्यांतल्या होड्या सुकतीला गाळात बसतात. तिथे तर अख्खी बंदरं कोरडी पडतात. बोट कायम तरंगत राहील अशी खोल जागा मोजकी, म्हणून महाग. चिखलातली जागा स्वस्त. पण मधोमध एकच खोल कील असलेली बोट पाणी गेलं की आडवी होते, आतली भांडीकुंडी एका बाजूला घसरतात.

त्याआधीच्या ब्रिटिश नौकानयनाचा आदर्श नेमका अशीच बोट होता. जॅक लॉरेंट जाइल्स यांनी १९३६ मध्ये आखलेली व्हर्च्यू घ्या: २५ फूट लांब, जेमतेम सव्वासात फूट रुंद, पाण्याखाली साडेचार फूट खोल. १९५० मध्ये हम्फ्री बार्टन यांनी अशीच एक बोट इंग्लंडहून न्यूयॉर्कला नेली, ४७ दिवसांत. समुद्राला ती पुरून उरली. पण दोन मुलं घेऊन शनिवार-रविवार काढायला तिच्या पोटात जागा कुठे?

दोन कीलची कल्पना नवी नव्हती. पुढे लॉर्ड रिव्हरडेल झालेल्या रॉबर्ट बाल्फर यांनी १९२० च्या दशकातच तशी बोट बांधून घेतली होती. युद्धानंतर प्लायवुड आणि न सुटणारे गोंद आले, तेव्हा रॉबर्ट टकर यांची चिमुकली सिल्हूएट लोकप्रिय झाली. १९५५ पासून लंडनमध्ये बोटींचं प्रदर्शन भरू लागलं आणि पगारदार माणूस बोटींच्या किमती विचारू लागला. साठच्या दशकात फायबरग्लास आलं. एकदा साचा तयार झाला, की त्यातून बोटीमागून बोट काढता येऊ लागली.

डेनिस रेनर यांनी हे ओळखलं. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकवर जर्मन पाणबुड्यांचा पाठलाग केलेला हा नौदल अधिकारी. १९६३ मध्ये त्यांनी पोर्ट्समथजवळ वॉटरलूव्हिलला वेस्टर्ली कंपनी काढली. सुरुवातीच्या बोटी त्यांनी स्वतःच आखल्या, १९६७ मध्ये ते वारले, आणि कंपनीची सूत्रं डेव्हिड सँडर्स यांच्याकडे आली. पुढच्या बोटीचा आराखडा कंपनीने लॉरेंट जाइल्स यांच्या फर्मकडे सोपवला. म्हणजे व्हर्च्यूचं घराणं सेंटॉरचंही. मला यातली गंमत फार आवडते.

या वेळी नुसत्या अंदाजावर काम झालं नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या पाण्याच्या टाकीत बोटीचा छोटा नमुना ओढून कीलचा आकार ठरवण्यात आला. दोन्ही कील खाली बाहेरच्या बाजूला फाकलेल्या आणि पुढून किंचित आत वळवलेल्या. वाऱ्याने बोट कलली की वाऱ्याच्या आडोशाकडची कील जवळजवळ उभी होते, खोल जाते आणि बोटीला बाजूला वाहवू देत नाही. पाण्याखाली खोली फक्त ३ फूट, रुंदी साडेआठ फुटांच्या जवळ. एवढ्या रुंदीमुळे आत सहा जणांच्या झोपण्याची सोय करता आली. हेटाळणीने तिला तरंगता कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं घर, म्हणत. म्हणोत बापडे.

चालवताना तिचा स्वभाव कळायला वेळ लागत नाही. वारा ज्या दिशेने येतो तिकडे ती फार जवळून जाऊ शकत नाही. उलट्या, आखूड लाटांत वाऱ्याकडच्या कीलखाली पाणी धाडकन आपटतं, आणि नवखा माणूस दचकतो. जोराच्या वाऱ्यात शिडं पूर्ण ठेवली तर ती जास्त कलते, तोंड वाऱ्याकडे वळवू पाहते आणि सुकाणूचा दांडा हाताला ओढ देऊ लागतो. हट्टाने दांडा धरून बसण्यात अर्थ नसतो. शीड वेळेत कमी केलं की बोट उभी राहते, दांडा हलका होतो आणि वेगही फारसा घटत नाही. वाराच पडला किंवा अगदी नाकावर आला, तर डिझेल इंजिन आहेच.

तिचं दुखणंही त्याच कीलमध्ये आहे. बोट चिखलात बसताना प्रत्येक लाटेसरशी उचलली जाते आणि पुन्हा टेकते. मऊ गाळात हे खपून जातं; कडक तळावर किंवा एक कील दगडावर आली, तर फाकलेल्या कील आणखी फाकू पाहतात. हा सगळा ताण कील जिथे बोल्टने बुडाला जोडलेली असते तिथे येतो. बऱ्याच जुन्या सेंटॉरमध्ये त्या जागी फायबरग्लासला बारीक भेगा पडल्या, बोल्टांपाशी पाणी झिरपू लागलं. उपाय मेहनतीचा: आतली फळी उचकटून बुडाला आडव्या पट्ट्या घालायच्या आणि त्यांवर फायबरग्लासचे थर चढवायचे. म्हणूनच आज जुनी सेंटॉर घेणारा जाणता गिऱ्हाईक शिडं उलगडून बघण्याआधी आतली फळी उचलून टॉर्च मारतो.