‘नाही’ म्हणता येणारं कुलूप

सक्करदऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी कूलरसमोर बसूनही दुकानदार घामाघूम. ‘‘भाऊ, एकही साइट उघडून नाही राहिली. राउटर दोनदा बंद-चालू केला.’’ पडद्यावर इशारा होता, त्यात घड्याळाबद्दल एक ओळही होती. पण तसल्या ओळी वाचतो कोण! मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. १ जानेवारी २००९. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता. त्या संगणकाच्या लेखी आजच्या साइटांची प्रमाणपत्रं अजून जन्मालाच यायची होती.

पत्त्याशेजारी कुलूप दाखवणाऱ्या प्रत्येक साइटकडे असं डिजिटल प्रमाणपत्र असतं. त्यात साइटचं नाव, मुदत, सार्वजनिक किल्ली (सगळ्यांना दाखवायची; तिच्या जोडीची खासगी किल्ली फक्त साइटकडे) आणि देणाऱ्या संस्थेची सही. सही करणारा कोण, त्याला अधिकार कुणी दिला, असं विचारत ब्राउझर वर चढत जातो आणि आधीपासून ओळखीच्या मूळ संस्थेपाशी थांबतो. साक्षांकित प्रतीसारखाच प्रकार. त्या सहीमागचं गणित फार भक्कम आहे. घोटाळे झाले ते बहुतेक तपासणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये, तेही अगदी बावळट.

२००२ साली उघड झालं की इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर, साखळीत मध्ये असलेल्या सहीवाल्याला सही करायचा अधिकार आहे का, हेच पाहत नव्हता. राजपत्रित अधिकाऱ्याने माझी गुणपत्रिका साक्षांकित केली, आणि तेवढ्या जोरावर मी तुमच्या गुणपत्रिकेवर शिक्का मारला, तर चालेल का? तिथे चालत होतं. २०११ मध्ये हीच चूक आयफोनमध्ये सापडली.

माझी आवडती चूक मात्र ॲपलचीच, फेब्रुवारी २०१४ ची. साइटची ओळख पडताळणाऱ्या त्यांच्या कोडमध्ये एकामागून एक तपासण्या होत्या आणि प्रत्येकीखाली ‘गोटू फेल’ अशी ओळ: गडबड दिसली तर बाकीचं सोडून थेट शेवटी जा. एका ठिकाणी ही ओळ दोनदा पडली. पहिली ‘गडबड असेल तर’ या अटीला बांधलेली होती, दुसरी मोकळी. त्यामुळे गडबड असो-नसो, प्रोग्राम तिथून उडी मारायचा. खरी सही तपासणारा भाग त्या ओळीच्या खाली होता, तो कधी चाललाच नाही. आणि उडी मारताना त्रुटीचा आकडा शून्यच असल्यामुळे निकाल यायचा ‘सगळं ठीक’. परिणाम असा, की समोर ठेवलेलं प्रमाणपत्र अस्सल बँकेचं, पण ते दाखवणाऱ्याकडे त्याची खासगी किल्ली आहे का, हे कुणी विचारतच नव्हतं. आधार कार्ड खरं, त्यावरचा चेहरा मात्र कुणी ताडून पाहिला नाही. सार्वजनिक वायफायवर मध्ये बसलेल्या चोराला आणखी काय हवं?

दुसरी एक गंमत कर्ल या लायब्ररीतली, म्हणजे साइटशी जोडणी करायला इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडमधली. साइटचं नाव जुळतं का हे पाहायच्या सेटिंगला तेव्हा तीन किमती होत्या: ०, १ आणि २. खरी तपासणी व्हायची ती २ ला. प्रोग्रामर मंडळी सरळ मनाने ‘ट्रू’ लिहायची, आणि संगणकाच्या भाषेत ‘ट्रू’ म्हणजे १. त्यावर नुसतं नाव आहे एवढंच बघितलं जायचं, कुणाचं का असेना! २०१२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी पैशांचे व्यवहार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ही चूक दाखवून दिली. मला यात दोष प्रोग्रामरपेक्षा ती सेटिंग ठरवणाऱ्यांचा जास्त वाटतो.

अशा चुका दडून राहतात, कारण चाचणी घेताना आपण खरं प्रमाणपत्र लावतो. घरच्या माणसाला दरवान जागा असला तरी आत सोडतो आणि झोपला असला तरी.

नवा सेल बसवला, तारीख लावली, साइट उघडू लागल्या. मग मी बॅड-एसएसएल नावाची साइट उघडली. तिथे मुद्दाम बिघडवलेली प्रमाणपत्रं ठेवली आहेत: मुदत संपलेलं, भलत्याच नावाचं, स्वतःच स्वतःवर सही केलेलं. एकेकावर टिचकी मारत गेलो. प्रत्येक वेळी लाल इशारा. दुकानदाराचा चेहरा पडला.

‘‘पुन्हा बिघडलं ना, भाऊ?’’

‘‘नाही, आत्ताच तर नीट चालून राहिलं.’’

त्याला काही ते पटलं नाही. सेलचे पैसे मात्र त्याने लगेच दिले.