पियाजिओ पी. १८० अवांती

इटलीतील पियाजिओ कंपनीने विकसित केलेले, दोन टर्बोप्रॉप (प्रोपेलर फिरवणाऱ्या वायुटर्बाइन) इंजिनांचे, उद्योजक व कंपन्यांच्या प्रवासासाठीचे छोटे विमान. प्रोपेलरवर चालत असूनही ते ताशी सुमारे ७४५ किमी. इतका वेग गाठते आणि ४१,००० फूट उंचीवरून उडू शकते. लहान जेट विमानांच्या जवळ जाणारी ही कामगिरी आहे. व्हेस्पा स्कूटर आणि बारामतीत तयार होणाऱ्या तीनचाकी गाड्यांमुळे पियाजिओ हे नाव महाराष्ट्रात परिचित असले, तरी कंपनीचे विमान आणि दुचाकी विभाग १९६० च्या दशकातच वेगळे झाले होते.

अवांतीच्या आराखड्याचे काम १९७९ मध्ये सुरू झाले. प्रोपेलर इंजिनाच्या मागे बसवण्याचा पियाजिओला पूर्वीपासून सराव होता, पी. १६६ हे तिचे विमान त्याच पद्धतीचे होते. नव्या विमानात मात्र नाकाजवळचा पंख, मुख्य पंख आणि शेपूट अशा तीन पृष्ठभागांवर उचल (विमानाला वर धरणारे बल) विभागण्याचा धाडसी विचार झाला. नेहमीच्या विमानात नाक खाली झुकू नये म्हणून शेपटीच्या आडव्या पंखाला खालच्या दिशेने बल द्यावे लागते, आणि तो भार शेवटी मुख्य पंखालाच पेलावा लागतो. अवांतीच्या नाकाजवळचा छोटा पंख स्वतः वर उचलत असल्याने हा भार घटतो, मुख्य पंख लहान ठेवता येतो आणि हवेचा रोध कमी होतो. विमानाचा वेग फारच मंदावला, तर हा पुढचा पंख मुख्य पंखाच्या आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल एकदम घटते, नाक आपोआप खाली येते आणि वेग पुन्हा वाढू लागतो. मुख्य पंख केबिनच्या मागे जोडलेला असल्याने त्याची तुळई प्रवाशांच्या जागेत येत नाही. प्रोपेलरही मागे असल्याने पंखावरून वाहणारी हवा ढवळली जात नाही. या मांडणीची किंमत आवाजाच्या रूपाने मोजावी लागते, कारण इंजिनातून निघणारा उष्ण वायू थेट प्रोपेलरच्या पात्यांमधून जातो आणि जमिनीवर उभ्या माणसाला वेगळाच, कर्कश सूर ऐकू येतो.

वातविवरातील (कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यातील) चाचण्यांनंतर १९८३ मध्ये अमेरिकेची गेट्स लियरजेट कंपनी प्रकल्पात सामील झाली. १९८६ च्या जानेवारीत तिने अंग काढून घेतले आणि पियाजिओला पुढचा सगळा खर्च एकटीने उचलावा लागला. तरीही त्याच वर्षी २३ सप्टेंबर रोजी पहिल्या नमुन्याने उड्डाण केले. उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र इटलीत आणि अमेरिकेत १९९० मध्ये मिळाले. त्याच काळातील आणि साधारण याच धर्तीचे बीचक्राफ्ट स्टारशिप हे अमेरिकन विमान जवळजवळ संपूर्णपणे संमिश्र द्रव्यांचे (तंतू व रेझिन यांच्या मिश्रणाचे) होते आणि ५३ विमानांनंतर त्याचे उत्पादन थांबले. पियाजिओने मुख्य सांगाडा ॲल्युमिनियमचाच ठेवला आणि संमिश्र द्रव्ये शेपूट, पुढचा पंख यांसारख्या भागांपुरती वापरली. हा संयम शहाणपणाचा होता, असे म्हणावे लागते.

आराखडा सरस असला, तरी पैशाचे गणित जुळले नाही. १९९४ मध्ये निधी संपून काम अडले. १९९८ मध्ये फेरारी मोटार कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांचे पुत्र पिएरो फेरारी यांच्या पुढाकाराने गुंतवणूकदारांच्या गटाने कंपनी ताब्यात घेतल्यावर उत्पादनाला खरी गती आली आणि २००५ च्या ऑक्टोबरमध्ये शंभरावे विमान ग्राहकाच्या हाती गेले. सुधारित इंजिने व नवी विमानचालन उपकरणे असलेली अवांती २ ही आवृत्ती त्याच सुमाराची. पुढे टाटा समूहानेही कंपनीत भागभांडवल घेतले होते, तर नंतर अबू धाबीच्या मुबादला या सरकारी गुंतवणूक कंपनीने संपूर्ण मालकी मिळवली. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या अवांती इव्हो या आवृत्तीत प्रोपेलरची पाती तलवारीसारखी वक्र करण्यात आली, आणि ज्या आवाजाबद्दल सुरुवातीपासून तक्रार होती तो बराच कमी झाला.

या विमानावरून हॅमरहेड हे मानवरहित टेहळणी विमानही घडवण्यात आले, पण ते मार्गी लागले नाही. २०१८ मध्ये कंपनी पुन्हा अडचणीत येऊन सरकारी प्रशासकांच्या देखरेखीखाली गेली, आणि २०२५ मध्ये तुर्कस्तानच्या बायकार या ड्रोननिर्मात्या कंपनीने ती विकत घेतली.