नव्या ठिपक्याला जुना फोटो हवा

ऑगस्ट १८८५मध्ये देवयानी दीर्घिकेच्या केंद्राजवळ सहाव्या प्रतीच्या आसपासचा एक तारा उगवला (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). तेव्हा देवयानी आपल्याच आकाशगंगेतला तेजोमेघ मानली जाई, त्यामुळे हा साधा नवतारा, म्हणजे अचानक उजळलेला तारा, समजून प्रकरण मिटलं. १९२०च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने देवयानीचं अंतर काढलं आणि त्या ताऱ्याचं खरं तेज किती अफाट होतं ते उमगलं. १९३४मध्ये खगोलशास्त्रज्ञ बाडे आणि झ्विकी यांनी ताऱ्यांच्या अशा प्रचंड स्फोटांना सुपरनोव्हा म्हणून वेगळं काढलं.

झ्विकीने १९३६पासून अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या १८ इंची श्मिट दुर्बिणीतून (आकाशाचा मोठा तुकडा एकदम टिपणाऱ्या) त्याच त्या दीर्घिकांचे पुन्हा पुन्हा फोटो घेतले आणि जुन्याशी ताडले. पद्धत आजही तीच, फक्त ताडण्याचं काम आता बहुतेक संगणक करतो. ऑस्ट्रेलियाचे रॉबर्ट इव्हान्स मात्र दीर्घिकांभोवतीचे तारे पाठ करून नुसत्या डोळ्यांनी दुर्बिणीतून शोधत. चाळीसहून जास्त सुपरनोव्हा त्यांनी असे टिपले!

मुंबईतल्या गच्चीवरून सुपरनोव्हा शोधणं जमतं का? जमतं. १० कोटी प्रकाशवर्षांवरचा टाइप वन-ए सुपरनोव्हा (श्वेत बटू ताऱ्याचा स्फोट) ऐन भरात तेराव्या प्रतीचा दिसतो. ८ इंची दुर्बीण आणि सीमॉस कॅमेऱ्याला तो अवघड नाही. शहराच्या उजेडाने लांब एक्स्पोजर पांढरं पडतं, म्हणून ३०-३० सेकंदांच्या साठेक फ्रेम घेऊन स्टॅक करायच्या, म्हणजे एकावर एक रचून एक फोटो करायचा. स्टॅक करण्याआधी सुट्या फ्रेम पाहा: ठिपका एकाच फ्रेममध्ये असेल तर तो बहुधा वैश्विक किरण, म्हणजे सेन्सरवर आदळलेला अवकाशातला कण. दुर्बीण किंचित सरकवल्यावरही तो सेन्सरच्या त्याच जागी राहिला, तर हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचाच सदोष बिंदू. अर्ध्या तासाने पुन्हा फोटो घ्या. मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातला लघुग्रह साधारण तासाला अर्धी कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो, तेवढ्यात पकडला जातो. सगळ्यात फसवा प्रकार वेगळाच. तुलनेचा फोटो फक्त निळा प्रकाश टिपणाऱ्या जुन्या प्लेटचा असेल, तर लाल रंगात उजळणारा हायड्रोजनचा ढग तुमच्या कॅमेऱ्यात 'नवा' म्हणून उठून दिसतो.

एवढ्यातून तरलेला ठिपकाही संभाव्यच. २०१६पासून नोंद आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या ट्रान्झियंट नेम सर्व्हर या ऑनलाइन नोंदवहीत होते. आधी एटी (अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल ट्रान्झियंट) हे उपपद मिळतं. वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे सुटे केलेले रंग, घेऊन प्रकार ठरला की एसएन (सुपरनोव्हा). हायड्रोजनच्या रेषा दिसल्या तर टाइप टू, नसल्या तर टाइप वन. ही विभागणी खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ मिंकोव्स्कीची, १९४१ची.

नोंदीत 'ठिपका नव्हता' अशी शेवटची तारीखही द्यावी लागते, आणि तिचं मोल मोठं. १९ मे २०२३ला जपानच्या हौशी निरीक्षक कोइची इतागाकींना एम १०१ या दीर्घिकेत एसएन २०२३आयएक्सएफ सापडला. आधीच्या काही तासांतले इतर हौशींचे फोटो जुळवल्यावर स्फोटाची वेळ काही तासांच्या आत बसवता आली. मुंबईकरांची गोची इथेच होते. जून ते सप्टेंबर आभाळ बंद, म्हणजे ऑक्टोबरात काही गवसलं तर आपल्याकडची शेवटची तारीख मे महिन्यातली. तेव्हा अ‍ॅटलास किंवा झेडटीएफ या आकाशाचे नियमित फोटो घेणाऱ्या सर्वेक्षणांच्या खुल्या नोंदी तपासून ती तारीख पुढे आणायची, मगच फॉर्म भरायचा.