कामाच्या वेळेत स्तनपानासाठी ब्रेक: कोणाला मिळतो, अर्ज कसा करायचा

बाळंतपणाच्या रजेचा अर्ज कसा करायचा हे बहुतेकींना ठाऊक असतं. अडतं ते रजा संपवून कामावर परतल्यावर. बाळाला पाजण्यासाठी रोज दोन ब्रेक हा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्यासाठी ठरावीक सरकारी फॉर्म मात्र नाही, म्हणून तो मागायचा असतो हेच अनेकींच्या लक्षात येत नाही.

१९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यातल्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अर्जात जुन्या कायद्याचं कलम ११ लिहिण्याऐवजी संहितेचं कलम ६६ लिहा.

पात्रता

कारखाना, खाण, मळा किंवा दहा अथवा अधिक कर्मचारी असलेलं दुकान वा आस्थापना, इथे काम करणाऱ्या महिलेला हे लागू होतं. कंत्राटदारामार्फत लागलेली महिलाही संहितेच्या व्याख्येत कर्मचारीच आहे.

एक गल्लत नेहमी होते. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असणं, ही पगारी रजेची अट आहे. दोन अपत्यांनंतर २६ ऐवजी १२ आठवडे, हा नियमही रजेचाच. कलम ६६ मध्ये यातलं काहीच नाही. प्रसूती झाली आणि तुम्ही कामावर परतलात, एवढं पुरतं. तिसरं मूल आहे म्हणून ब्रेक नाही, असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. पगारकपातीला मनाई करणारं कलम ६९ मात्र प्रसूती लाभाला, म्हणजे पगारी रजेला, पात्र असलेल्या महिलांबद्दल बोलतं. त्यामुळे नव्याने नोकरीला लागलेल्यांनी पगाराचा मुद्दा आधीच लेखी स्पष्ट करून घ्यावा.

किती आणि कधीपर्यंत

जेवणाची किंवा विश्रांतीची सुट्टी सोडून दोन ब्रेक, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत. मोजणी जन्मतारखेपासून होते, रुजू झाल्यापासून नाही. बाळ १० जानेवारीचं असेल, तर पुढच्या वर्षीच्या १० एप्रिलपर्यंत. रजेचे आठ आठवडे प्रसूतीआधी घेतले असतील तर तुम्ही मेच्या मध्यावर परतता, म्हणजे हातात जवळपास अकरा महिने राहतात. ब्रेक किती मिनिटांचा, हे नियमांवर सोडलेलं आहे. १९६३ च्या खाणी आणि सर्कशींसाठीच्या नियमांत तो १५ मिनिटांचा होता आणि बाळापर्यंत जाण्यायेण्यासाठी वर ५ ते १५ मिनिटं. सर्कशीतल्या आईच्या जाण्यायेण्याचा विचार झाला होता; काही ऑफिसांत अजून तेवढाही होत नाही.

अर्ज आणि कागदपत्रं

रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एचआरला ईमेल करा, वरिष्ठांना प्रत ठेवा. तोंडी बोलणं झालं असलं तरी ईमेल हवाच. साहेब बदलले की तोंडी परवानगी गेली. मजकूर साधा ठेवा:

«मी अमुक तारखेला रुजू होत आहे. माझ्या बाळाची जन्मतारीख अमुक आहे. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६६ नुसार अमुक तारखेपर्यंत रोज सकाळी ११ आणि दुपारी ४ च्या सुमारास स्तनपानासाठी अथवा दूध काढण्यासाठी ब्रेक मिळावा. त्यासाठी आतून कडी लागणारी खोली, प्लगपॉइंट आणि फ्रिजमध्ये जागा उपलब्ध करून द्यावी.»

‘अथवा दूध काढण्यासाठी’ हे शब्द गाळू नका. कलमात फक्त बाळाला पाजण्याचा उल्लेख आहे. पंपाचा नाही, वेगळ्या खोलीचाही नाही. बाळ घरी असेल तर खरी गरज याचीच असते. ती खोली म्हणजे टॉयलेट नव्हे, हेही स्पष्ट लिहायला हरकत नाही.

सोबत बाळाच्या जन्मदाखल्याची प्रत जोडा. दाखला अजून हातात नसेल तर हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड. रजामंजुरीचं पत्र असल्यास तेही. दूध येतं का, याचं डॉक्टरी सर्टिफिकेट कायद्यात कुठेही मागितलेलं नाही.

पाळणाघर

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर कलम ६७ नुसार पाळणाघर बंधनकारक आहे. ते कंपनीचं स्वतःचं असू शकतं किंवा इतर आस्थापनांसोबत मिळून चालवलेलंही. आईला तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं, पण या चारांत विश्रांतीची सुट्टी धरलेली आहे. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करायची सोयही मागता येते. मात्र ती दोघांच्या संमतीने ठरते, हक्क म्हणून नाही.

नकार आला तर

नकार लेखी मागा. महिला काम करतात त्या प्रत्येक विभागात या तरतुदींचा सारांश स्थानिक भाषेत लावणं मालकावर बंधनकारक आहे. तो नोटीस बोर्डावर आहे का ते पाहा आणि नसेल तर तेही तक्रारीत लिहा. तक्रार कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे जाते. बँक, रेल्वे आणि खाणींसाठी केंद्रीय कामगार आयुक्तांचं क्षेत्रीय कार्यालय. अर्जाचा ईमेल, आलेलं उत्तर, जन्मदाखला आणि पगार कापला असेल तर त्या महिन्याची पगारपावती जोडा. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.