जोडीदार बेपत्ता झाला तर: सोलापुरातली मिसिंग नोंद, लागणारी कागदपत्रं आणि सात वर्षांपर्यंतची कायदेशीर वाट

माणूस कामावर जातो म्हणून घरातून निघतो आणि फोन बंद होतो. दोन-तीन दिवसांत भलतंच काही बाहेर यायला लागतं: घरी कुणालाच माहीत नसलेलं कर्ज, दुसरं सिमकार्ड, विजापूरला भाड्यानं घेतलेली खोली. मग घरचे लोक ठाण्यात एकाच अर्जात सगळं मागतात. माणूस शोधा, भानगड शोधा, पैसे परत मिळवून द्या. मिसिंग नोंद यातल्या फक्त पहिल्या गोष्टीसाठी असते. बाकी प्रत्येक प्रश्नाचं कार्यालय वेगळं, अर्ज वेगळा. पण पुढच्या जवळजवळ प्रत्येक अर्जाला हीच पहिली नोंद आणि तिच्यावरची तारीख लागते, म्हणून ती नीट करून घेणं सगळ्यात महत्त्वाचं.

खाली सोयीसाठी बहुतेक ठिकाणी पती असा उल्लेख आहे. पत्नी बेपत्ता असेल तरी पोलिसांकडची आणि बँकेतली प्रक्रिया तीच.

नोंद कुठे आणि कधी

चोवीस तास थांबा, मग या, असा कोणताही नियम नाही. नोंद त्याच दिवशी होते. जोडीदार, आईवडील, भावंडं, सज्ञान मुलं यांपैकी कुणीही खबर देऊ शकतं. कारखान्याचा मालक किंवा शेजारीही देऊ शकतो.

शहरात पोलीस आयुक्तालयाची ठाणी आहेत: सदर बझार, फौजदार चावडी, जेलरोड, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ, करमाळा वगैरे भाग ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. रेल्वेत किंवा स्टेशनवर शेवटचं दिसलं असेल तर लोहमार्ग पोलीस. पहिला घोळ इथेच होतो. घर एका ठाण्याच्या हद्दीत आणि माणूस शेवटचा दिसला एसटी स्टँडवर, मग दोन्हीकडून 'तिकडे जा' ऐकायला मिळतं. राहत्या घराच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या आणि शेवटचं ठिकाण अर्जातच लिहा. हद्दीचं पत्र एकमेकांना पाठवणं हे ठाण्यांचं काम आहे. तरीही घेतलं नाही तर ११२ वर फोन करा किंवा थेट आयुक्त कार्यालयात, ग्रामीण भागात अधीक्षक कार्यालयात, अर्ज द्या.

नोंद झाल्यावर तीन गोष्टी मागून घ्या: मिसिंग रजिस्टरचा क्रमांक आणि वर्ष, तपासी अंमलदाराचं नाव व मोबाइल, आणि दिलेल्या खबरीची प्रत. क्रमांक तोंडी सांगितला तर लगेच लिहून घ्या, पुढे बँकवाले पहिल्यांदा तोच विचारतात.

सोबत काय न्यायचं

अलीकडचा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो (लग्नातला मेकअप केलेला नको), आधारची प्रत, लग्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड, वापरात असलेले सगळे मोबाइल नंबर, गाडीचा एमएच १३ चा पूर्ण नंबर, बँक खात्यांची नावं. मोबाइलचा खोका घरात असेल तर त्यावरचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक न्या. सिम बदललं तरी हँडसेट तोच असेल तर पोलिसांना त्यावरून माग काढता येतो.

वर्णनात बहुतेक लोक 'सडपातळ, सावळा, उंची साडेपाच फूट' एवढंच लिहून मोकळे होतात. अशी माणसं जिल्ह्यात हजारो आहेत. उपयोगी पडतं ते वेगळंच: पुढचा तुटलेला दात, गोंदण, ऑपरेशनचा व्रण, हाडात बसवलेला रॉड, कोणत्या पायात चप्पल जास्त झिजते. अंगातल्या शर्टाच्या कॉलरच्या आत टेलरचं लेबल असतं. त्याच टेलरनं शिवलेला दुसरा शर्ट घरात असेल तर लेबलचा फोटो काढून द्या. अनोळखी मृतदेहाची ओळख पटवताना असल्या लेबलावरून शिंप्यापर्यंत आणि तिथून घरापर्यंत पोलीस पोहोचतात. ऐकायला जड आहे, पण लिहून ठेवलेलं बरं.

सोलापूरसाठी आणखी एक गोष्ट. माणूस कोणत्या भाषा बोलतो ते लिहा. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी. इथून निघालेला माणूस तासा-दोन तासांत कर्नाटकात असतो आणि रात्रीच्या गाडीनं सकाळी हैदराबादला. तेलुगू घरातला असेल तर तेलंगणातल्या कागदावर नाव उलटं सापडू शकतं: आडनाव फक्त आद्याक्षर म्हणून आधी, वडिलांचं नाव कुठेच नाही. म्हणून दोन्ही पद्धतीनं नाव लिहून द्या, नाहीतर परराज्यातल्या नोंदीत शोधताना तोच माणूस समोर असून लागत नाही.

पहिल्या आठवड्यात काय निसटतं

सीसीटीव्ही. दुकानं, लॉज, पेट्रोल पंप यांचं फुटेज काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप पुसलं जातं. तपासी अंमलदाराला लेखी पत्र द्या की अमुक ठिकाणचं, अमुक वेळेचं फुटेज जतन करावं. दुकानदार तुम्हाला कॉपी देईलच असं नाही, पण पुसू नका एवढी विनंती तुम्ही स्वतःही करू शकता.

कॉल रेकॉर्डची (सीडीआरची) तेवढी घाई नसते. कंपन्यांना ते किमान २ वर्षं ठेवावे लागतात. ते फक्त पोलीस मागवू शकतात. 'आठ-दहा हजारात सीडीआर काढून देतो' म्हणणारा भेटला तर दूर राहा, तो गुन्हा आहे आणि विकत घेणाराही त्यात अडकतो. जोडीदाराचा पासवर्ड वापरून ईमेल किंवा बँकेचं अॅप उघडण्याचंही तसंच. घरात सापडलेली डायरी, दुसरं सिम, भाडेकरार, लॉजच्या पावत्या जशाच्या तशा पिशवीत घालून पोलिसांना पंचनाम्यासह द्या, आणि देण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा.

सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागारात आणि शेजारच्या जिल्ह्यांत अकस्मात मृत्यूच्या नोंदी तपासल्या का, हे तपासी अंमलदाराला दर आठवड्याला विचारायला संकोच करू नका. बेवारस मृतदेह फार दिवस ठेवत नाहीत.

कधीकधी त्याच माणसाची दुसऱ्या गावात दुसऱ्या कुटुंबानं दिलेली मिसिंग नोंद निघते. हा धक्का पचवणं सोपं नाही, पण तपासाला त्यानं वेग येतो. भांडण तिथे न नेता दुसऱ्या नोंदीचा क्रमांक आपल्या अंमलदाराला द्या.

मिसिंगचा गुन्हा कधी होतो

मिसिंग नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. अपहरण, घातपात, खंडणीची धमकी, रक्ताचे डाग, मोबाइल किंवा पैसे लुबाडल्याच्या खुणा असं काही असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली एफआयआर मागा. ठाण्यानं नकार दिला तर १७३(४) नुसार वरिष्ठांकडे पोस्टानं लेखी तक्रार, तरीही काही झालं नाही तर १७५(३) नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

हेबियस कॉर्पससाठी, म्हणजे डांबलेल्या माणसाला समोर हजर करा अशा उच्च न्यायालयातल्या याचिकेसाठी, लोक लगेच वकील गाठतात. कुणीतरी बेकायदा डांबून ठेवलंय असं दाखवता आलं तरच ती याचिका टिकते, नुसत्या बेपत्ता असण्यावर नाही. सोलापूरकरांना आता त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो.

माणूस सापडला, पण घरी यायला तयार नाही

लपवलेल्या आयुष्याच्या प्रकरणांत हा शेवट बराच दिसतो. सज्ञान माणूस 'मी माझ्या मर्जीनं गेलो' असा जबाब देतो आणि पोलीस मिसिंग बंद करतात. त्याला ओढून आणण्याचा अधिकार पोलिसांना नाही. त्यानं नको म्हटलं तर पत्ताही देत नाहीत. तरी मिसिंग बंद झाल्याची लेखी नोंद मागा. माणूस जिवंत आहे आणि स्वतःहून गेला याचा तोच पुरावा.

तिथून रस्ते फुटतात. पोटगीसाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (जुनं १२५). पत्नी स्वतः राहते तिथे, म्हणजे सोलापुरातच, अर्ज करू शकते. पत्ता माहीत नसेल तर नोकरीचं ठिकाण शोधा, कारण पगारातून वसुली होते. राहतं घर वाचवायचं असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मधला निवासाचा आदेश. सासरच्या नावावरचं घर असलं तरी तो मागता येतो.

दुसरं लग्न केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, शिक्षा ७ वर्षांपर्यंत, पहिलं लग्न लपवून केलं असेल तर १० वर्षांपर्यंत. पण नुसतं एकत्र राहणं या कलमात बसत नाही. दुसऱ्या लग्नाचा विधी झाला हे सिद्ध करावं लागतं, आणि तक्रार नाराज जोडीदारानं न्यायालयात करायची असते. फोटोवर भागत नाही. भटजी, साक्षीदार, विवाह निबंधकाकडचा उतारा यांपैकी काहीतरी लागतं. विवाहबाह्य संबंध हा २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. दुसऱ्या लग्नातल्या मुलांचा आईवडिलांच्या मालमत्तेतला हक्क कायदा मानतो, त्यामुळे 'त्यांना काही मिळणार नाही' या भरवशावर हिशेब मांडू नका.

कर्ज, बँक, विमा

नवऱ्याच्या कर्जावर तुमची सही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून नसेल तर तुम्ही देणं लागत नाही. वसुलीवाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. बचत गट आणि मायक्रोफायनान्सचं मात्र उलटं असतं. विडी कामगार बायकांच्या नावानं काढलेलं कर्ज नवऱ्यानं वापरलं असलं तरी कागदावर कर्जदार तीच, म्हणून आधी सगळ्या सह्या तपासा.

त्याच्या एकट्याच्या खात्यातले पैसे लगेच मिळत नाहीत. बँकेच्या धोरणातल्या मर्यादेपर्यंतची रक्कम एफआयआर किंवा मिसिंग नोंद, शोध न लागल्याचा पोलिसांचा अहवाल आणि क्षतिपूर्ती बंधपत्र (माणूस परतला तर रक्कम परत देऊ अशी लेखी हमी) यांवर मिळू शकते. त्यापुढच्या रकमेसाठी न्यायालय.

विम्याचं लोक हमखास चुकवतात. बेपत्ता झाल्यावर हप्ते थांबवतात. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये एलआयसीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की सात वर्षांनंतर मृत्यू गृहीत धरता येतो, पण तो बेपत्ता झाला त्या दिवशीच मेला असं धरता येत नाही. मधल्या काळात पॉलिसी बंद पडली तर पूर्ण रक्कम मिळत नाही. झेपत असेल तर हप्ते भरत राहा.

केंद्र सरकारी नोकर बेपत्ता असेल तर पोलिसांतल्या नोंदीपासून ६ महिन्यांनी कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करता येतो. पोलिसांचा शोध अहवाल आणि बंधपत्र लागतं. थकलेला पगार आणि भविष्य निधी त्याआधीही मागता येतो. नोंद दोन महिने उशिरा केली तर हे ६ महिनेही तेवढेच पुढे सरकतात.

हातात काहीच नसेल तर तहसील कार्यालयाची संजय गांधी निराधार योजना परित्यक्ता महिलेला लागू होते: वय १८ ते ६५, वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंत, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य. मिसिंगची प्रत जोडा, तलाठी चौकशीत तीच पाहतो.

सात वर्षांनंतर

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ नुसार, ज्यांना एरवी त्याची खबर लागली असती त्यांनाच ७ वर्षं काही कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर जाते. मृत्यू आपोआप नोंदला जात नाही. दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा करावा लागतो. सगळे वारस पक्षकार करा, एकही सुटला तर दावा अडकतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघते. पोलिसांचा ताजा शोध अहवाल, नातेवाइकांच्या साक्षी आणि तुम्ही केलेल्या शोधाचे कागद लागतात. दाव्यातल्या विनंतीत मृत्यूची तारीख कोणती धरावी हे स्पष्ट मागा. हुकूमनाम्यात तारीख नसेल तर महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग स्वतःहून तारीख घालत नाही आणि कागद परत फिरतो.

पुन्हा लग्न करायचं असेल तर वेगळं पाहा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१)(vii) खाली सात वर्षं जिवंत असल्याची खबर नाही या कारणावर कौटुंबिक न्यायालयात घटस्फोट मिळतो. तो जिवंत आहे पण सोडून गेलाय हे माहीत असेल तर २ वर्षांच्या त्यागाचं कारण पुरतं. मुस्लिम पत्नीला १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानं ४ वर्षांनी दाद मागता येते, हुकूमनामा ६ महिन्यांनी अमलात येतो आणि तेवढ्यात पती परतला तर रद्द होऊ शकतो. सात वर्षं झाली म्हणून हुकूमनाम्याशिवाय लग्न उरकू नका. कलम ८२ मधून सुटका मिळेलही, पण पहिला नवरा जिवंत निघाला तर हिंदू कायद्याखाली दुसरं लग्न रद्दबातल ठरतं. घटस्फोट मिळाल्यावर अपिलाचे ९० दिवस जाऊ द्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. घटस्फोट, देखभाल आणि मालमत्तेच्या दाव्यांत महिलांना राज्यात न्यायालयीन शुल्कही माफ आहे, टायपिंग आणि नोटिशीचा खर्च तेवढा धरा.

आणि तो परत आला तर? बँक आणि पेन्शनच्या बंधपत्रावर सही करणाऱ्यांना घेतलेली रक्कम परत करावी लागते, जामीनदारांनाही. म्हणून जामीनदार होणाऱ्या दिराला किंवा भावाला बंधपत्र सही करण्याआधी वाचून दाखवा.